अंगात रुतवलेले दाणे

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे मी आता आलो आहे, आणि तुम्हाला बहुतेक जे झालं होतं तेच मला झालं आहे. तुमच्या वेळी आपल्या घरात त्याला नाव नव्हतं. गिरीज गावच्या घरात चुलीपाशी जेवता जेवता तुम्ही ताटावरून उठायचात, मागच्या केळीत जायचात आणि कितीतरी वेळ परत यायचा नाहीत. आई ताट झाकून ठेवायची. एकदा तिने विचारलं, "दुखतंय का फार?" तर तुम्ही तिच्यावर खेकसलात, "ही काय विचारायची गोष्ट आहे?" मग घरात कुणीच विचारलं नाही. शेवटी लघवी पार तुंबली. पापडीहून डॉक्टर येईपर्यंत तुम्ही भिंतीला कपाळ टेकून उभे होतात.

मला निदान दुखण्याचं नाव तरी कळलं: प्रोस्टेटमध्ये, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, कर्करोगाची गाठ. मुंबईच्या इस्पितळात माझ्या प्रोस्टेटमध्ये किरणं सोडणारे बारीक दाणे सुयांनी रुतवले, तांदळाच्या कणीएवढे. त्यांचा जोर काही महिन्यांनी ओसरतो, दाणे मात्र जन्मभर आतच राहतात. "नवीन उपचार आहे, मास्तर. नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. हा नशीबवान माणूस घरी आला तो मऊ उशीशिवाय बसू न शकणारा. लघवीला काच उतरल्यासारखी आग होते. हवी तेव्हा ती होत नाही आणि नको तेव्हा थांबत नाही. शौचाला रक्त पडतं. विहिरीपर्यंत चाललो तरी पाय गळून जातात. बायकोची खाट मीच दुसऱ्या खोलीत हलवायला सांगितली. तिला वाटलं, किरणांची भीती म्हणून. मी तसंच वाटू दिलं. नवरा म्हणून आपल्यात आता काही उरलेलं नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

काही महिने लहान मुलांना मांडीवर घ्यायला बंदी होती. नात धावत आली की सून तिला वरच्यावर उचलून न्यायची. ती मुदत संपली त्या दिवशी मी ओट्यावर बसून हात पुढे केले. "ये गं, आता चालतं." ती जागची हलली नाही. म्हणाली, "नको. आजोबांना वास येतो." सुनेने तिचं तोंड दाबलं. पण पोर खोटं बोलली नव्हती, बाबा. दिवसातून कितीदा धोतर बदललं तरी तो वास जात नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जाणंही मी त्यामुळेच सोडलं.

मागच्या महिन्यात तपासणीहून येताना एसटीत मला धीर धरवेना. कंडक्टरला विनवून मधेच उतरलो आणि दिसेल त्या केळीच्या वाडीत शिरलो. केळीआड उभा राहतो न राहतो तोच मागून आवाज आला, "कोण रे तिकडे? घड कापतोस काय?" हातात कोयता घेतलेला माणूस जवळ आला आणि एकदम थबकला. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला. "सर, तुम्ही?" माझं धोतर पुढून भिजलेलं. त्याने मान फिरवली, कोयता खाली ठेवला आणि रहाटाकडे बोट करून हळूच म्हणाला, "तिथं पाणी आहे सर. मी रस्त्याकडे थांबतो, कुणाला येऊ देत नाही." त्याने माझी अब्रू राखली. तरीही तो दिसेल म्हणून आता मी त्या रस्त्याने जात नाही.

त्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ आकसली आहे. घरात गोडाचं झालं. बायको क्रूसापाशी मेणबत्ती लावून रडली. मी खीर खाल्ली आणि बरं वाटतंय म्हणालो. बाकीचा त्रास कमी होईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "काहींचा होतो." काहींमध्ये मी असेन असं मला वाटत नाही.

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. तुम्ही असतात तर या पत्रातलं अक्षरही मी मोठ्याने वाचलं नसतं. गाठ आकसल्याचं ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही. अजून किती वर्षं असंच काढायचं, एवढंच मनात आलं.