बाभळीचा बुश

तात्या, तुम्ही केलेला तो बाभळीचा बुश अजून माझ्या दुकानात फळीवर पडून आहे. मुठीएवढा, मधे भोक, आतून कोळशासारखा काळा. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, आमच्या वडलांची अक्कल.

बारामतीत तुमचा दबदबा होता, हे मी नाकारत नाही. उसाचा चरक असो की तेलावरचं इंजिन, तुम्ही हात लावला की सुरू व्हायचं, आणि मग आठवडाभर मिशीला पीळ देत मिरवायचात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा काळ तो. पाटाच्या पाण्यावर माजलेल्या एका बागाईतदारानं मुंबईच्या साहेबाची जुनी शिडाची नाव विकत घेतली आणि लॉरीवर घालून बावडा गावाजवळ भीमेत आणून सोडली. तिला मागं, पाण्याखाली, इंजिनावर फिरणारा पंखा होता. पंख्याचा दांडा ज्या लाकडी बुशात फिरायचा तो झिजला, नाव थडथडायला लागली, आणि तुम्हाला बोलावणं आलं. जन्मात नावेत पाय न ठेवलेले तुम्ही, कोट चढवून निघालात. मी मागून हत्यारांची पेटी घेऊन.

नाव काठावर ओढून कलती केली होती. तुम्ही जुना बुश ठोकून काढला. त्याला आतून लांबीनं खाचा होत्या, सगळ्या सारख्या अंतरावर.

"तात्या, ह्या मुद्दाम पाडल्याल्या दिसत्यात. पाणी आत खेळून दांडा गार ऱ्हाया असतील."

"झिजून पडल्यात त्या."

"झीज काय मोजून मापून येती व्हय?"

"मला शिकवतुयास? बेरिंगात पाणी म्हंजी वाटणीत भाऊबंद. एक थेंब शिरू द्यायचा न्हाय!"

नावाडी भीमेकाठचाच कोळी. तो एवढंच म्हणाला, "मिस्तरी, जुना हुता तसाच करा की." तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाभळीचा नवा बुश केलात, आतून गुळगुळीत, दांड्याला घट्ट, आणि वर चरबी आणि एरंडेल थापलंत. चरकाला तेच औषध लागतं, म्हणून नदीलाही तेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुम्हाला तर आपण अंगणात नाही, नदीत आहोत हेसुद्धा कळलं नव्हतं.

चाचणीला आपण तिघं नावेत, मालक काठावर खुर्ची टाकून. भीमा दोन्ही काठ भरून चाललेली. ऐन मध्यावर पाण्यानं लाकूड फुगलं, दांडा किंचाळला, जळका वास सुटला आणि पंखा जागीच आवळला. धार आपल्याला ओढून न्यायला लागली. नावाड्यानं ते जुनं शीड चढवलं, सुकाणू पोटाशी धरलं आणि आपल्याला कोसभर खाली काठाला लावलं. तोवर तुम्ही त्याच्या कमरेला मिठी मारून देवाचा धावा करत होता.

आणि काठाला पाय लागल्यावर? मालक घोड्यावरून आले, तेव्हा तुमची मिशी पुन्हा ताठ. "मालक, ह्यानं इंजान गाढवावानी हाणलं. दांडा तापनारच." मालकानं त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं. मी ओरडलो, "खोटं हाय, मालक! बुशच चुकलाय." तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. दोन लेकरांचा बाप होतो मी तेव्हा. नावाड्यानं आपलं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो इंदापूरच्या वाटेला लागला. तुमच्याइतका हलका माणूस मी पुढं कधी पाहिला नाही, तात्या, आणि तो माझा बाप निघावा!

मी तुमचा कारखाना सोडला तो त्यापायीच. पुढं नावाडी मला इंदापूरच्या सडकेवर खडी फोडताना भेटला. मी तुम्हाला शिव्या द्यायला लागलो तर त्यानं हातातली हातोडीही खाली ठेवली नाही. म्हणाला, "मिस्तरी भ्याला हुता. आनि भ्यालेल्या मानसाला, ज्यानं त्याला भेताना बगितलं त्यो मानूस जवळ नगं आसतो."

तुमच्या तेराव्याला मी आलो, जेवलो, रडलो नाही. हे पत्र धाडायचं कुठं? गुंडाळून त्या बुशाच्या भोकात खोचून ठेवतो.

एक मात्र लिहून टाकतो. नावाड्याच्या कमरेला तुम्ही कसे लोंबकळला होता, हे मी दुकानात रंगवून सांगतो आणि लोक हसतात. दुसऱ्या बाजूनं त्याला कुणी धरलं होतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मीही सांगत नाही.