कोल्टनमधली हुल्डा वेल्च

कोल्टन, नेब्रास्का
९ एप्रिल १९३७

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

सहा वर्षांत तुझ्याकडून एका ओळीचं उत्तर नाही आणि तरी मी लिहिते आहे, तेव्हा निलाजरी म्हण हवं तर. आईच्या शेवटच्या आजारात मी आले नाही याचा राग असेल, तर ताई, तो आता सोड. ऑरिनने मला रँचवरून हलू दिलं नाही. माझी पत्रं तो टपालात टाकत होता की वाटेत भिरकावत होता, देव जाणे. हे पत्र मी स्वतः टपालकचेरीत बसून लिहिते आहे.

ऑरिन शरदात गुरं विकायला म्हणून वायोमिंगला गेला, तो तिथेच रेल्वेच्या कामावर राहिला. माझी वाट बघू नकोस, असा निरोप तेवढा आला. शेजारच्या बोहाचेकबाई म्हणाल्या, नवरा पळाला तर रडत कशाला बसतेस, कागद करून मोकळी हो. त्यांच्याच ट्रकमधून आज घटस्फोटाचा अर्ज करायला काउंटीच्या कोर्टात आले. लग्नानंतर या गावात मी दोनदाच आले असेन. ऑरिन म्हणायचा, गावातले लोक स्वीडिश बायकांना हसतात, तू घरीच बरी.

ताई, आता नीट वाच. टॅगर्ट म्हणून कोर्टाचे म्हातारे कारकून आहेत. मी नाव सांगितल्यावर ते आधी हसले, मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ऑरिन आणि हुल्डा वेल्च यांचा घटस्फोट चार वर्षांपूर्वीच याच कोर्टात झालाय. बाई स्वतः आल्या होत्या, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसून रडल्या होत्या. मी म्हटलं, अहो, हुल्डा मीच. त्यावर, आजारी माणसाशी बोलावं तसं ते हळूच म्हणाले, बाई, हुल्डा वेल्च गेल्या वर्षी मार्चमध्ये वारल्या. चर्चमागे पुरलंय त्यांना, खांदा द्यायला मीही होतो.

बोहाचेकबाईंनी मला धरून बाहेर आणलं. मी चर्चमागे जाऊन आले. दगडावर माझं नाव आहे, ताई. जन्मतारीखही माझीच.

हे पत्र पोचलं तर पोचलं म्हणून लगेच कळव. मला ते कुणाकडून तरी ऐकायचं आहे. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी धाकटी,
हुल्डा


दुलुथ, मिनेसोटा
१६ एप्रिल १९३७

चि. हुल्डास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी एका कागदावर 'कोण आहेस तू' एवढंच लिहिलं आणि तो चुलीत टाकला. गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑरिनच्या दोन ओळी आल्या होत्या, की तू न्यूमोनियाने गेलीस. मी काळे कपडे घातले, चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना केली. आणि आता पाकिटावर तुझं अक्षर! वाऱ्याने वाकलेल्या कुंपणासारखं ते अक्षर बघून आई किती ओरडायची तुला.  तुझ्या एमिलभावजींनी मला खुर्चीत बसवलं.

तू म्हणतेस मी उत्तर दिलं नाही. हुल्डा, या सगळ्या वर्षांत तुझी पत्रं येत होती. दर वसंतात, दर नाताळात, मधूनमधूनही. अक्षर बदललं होतं. चुलीवर हात भाजला म्हणून असं झालं, असं तू लिहिलं होतंस आणि मी विश्वास ठेवला. पत्रांतून तू लहानपणचं विचारायचीस. आई पाळण्यापाशी कुठलं गाणं म्हणायची, तळ्यात बुडाला तो आपला भाऊ कसा दिसायचा, नाताळच्या केशरी पावात बेदाणे कुठे लावायचे. मी हसायचे, म्हणायचे, आमची हुल्डा जन्माची विसरभोळी. आणि पानंच्या पानं भरून सगळं लिहायचे. मग पुढच्या पत्रात तेच तू मला असं सांगायचीस, जसं काही तुला स्वतःलाच आठवलंय.

काल रात्रभर हेच डोक्यात होतं. ती कोण होती मला ठाऊक नाही, पण हुल्डा कसं व्हायचं हे तिला मीच शिकवलं गं.

तू त्या रँचवर एकटी राहू नकोस. बोहाचेकबाईंकडे जा, आणि जेव. लग्नात होतीस तशीच काटकी असशील अजून. सगळा पत्ता लाव आणि मला कळव.

तुझी,
सिग्ने


कोल्टन
४ मे १९३७

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी छातीशी धरून बसले होते. बोहाचेकबाई म्हणाल्या, असं चुरगाळलंस तर वाचणार काय.

त्यांच्याबरोबर मी ती बाई राहायची त्या घरी गेले. मालकीण एल्डरिजबाई. माझं नाव ऐकून त्यांनी दाराची चौकट धरली, पण आत घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी ऑरिन एका बाईला घेऊन आला. ही माझी बायको हुल्डा, हिला रँचवर करमत नाही, असं सांगून त्याने खोली घेतली. गाव चर्चला जाणारं, लग्नाशिवायच्या बाईला कुणी खोली दिली नसती. बायको आहे हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पाहिलेलं कुणीच नव्हतं. मग टपालकचेरीतून तुझी पत्रं तीच आणायला लागली. त्यानंतर माझी पत्रं तरी ऑरिन कशाला टपालात टाकेल?

तो तिला मारायचा. शेवटी तिने कोर्टात जाऊन त्याला सोडलं. त्याने अर्जाला हरकत घेतली नाही. घेतली असती तर तो खोटा ठरला असता. पुढे ती तिथेच शिवणकाम करून राहिली. लोकांना आवडायची. एल्डरिजबाई म्हणाल्या, शेवटच्या तापात ती तळ्यात बुडालेल्या भावाला हाका मारत होती. आपल्या भावाला, ताई. आणि आपल्या स्वीडिश भाषेत.

टॅगर्टनी तळघरातून त्या खटल्याचे कागद काढून मला तिची जबानी वाचून दाखवली. त्यात होतं, नवरा जाताना दाराला बाहेरून कडी घालतो. माझी पत्रं बाहेर जात नाहीत. अख्खा हिवाळा मी दुसऱ्या माणसाचं तोंड पाहिलेलं नाही. ताई, ती तर गावात मोकळी फिरायची! हे सगळं माझं आहे. ऑरिन दारू पिऊन तिच्यापाशी रँचवरच्या गोष्टी बरळायचा, असं एल्डरिजबाई म्हणतात. तिथूनच कळलं असेल. पण कागदावर शब्दन् शब्द असा आहे, की वाचून संपल्यावर मी क्षणभर विचारात पडले, की मीच तर तिथे जाऊन आले नव्हते?

न्यायाधीश म्हणाले, बायको नसलेल्या बाईला मिळालेला घटस्फोट खरा नव्हे. मी अजून ऑरिनची बायकोच आहे. मी नवा अर्ज केलाय आणि शेरीफमार्फत त्याला नोटीस गेलीय. पण आधी मी मीच आहे हे सिद्ध करायला हवं. या गावात ते सांगणारं कुणी नाही. बोहाचेकबाई आमच्या शेजारी येऊन दोनच वर्षं झालीत. काही करता आलं तर बघ.

तुझी,
हुल्डा


दुलुथ
१८ मे १९३७

चि. हुल्डास,
अनेक आशीर्वाद.

मीच आले असते, पण धाकटीला गोवर निघालाय आणि ती मला क्षणभर सोडत नाही. तिचं नाव हुल्डाच ठेवलंय. तू गेल्याचं कळलं तेव्हा ती पोटात होती. आता मला काय ठाऊक, घरात एक कमी झाली म्हणून दुसरी आणावी तर दोन होतील!

सोबत पाठवते आहे: तुझी पहिल्या वर्षांची पत्रं, लग्नाचा फोटो आणि वकिलासमोर शपथेवर लिहिलेली माझी जबानी. तिचीही पत्रं ठेवलीत. ती पाकिटात घालताना मात्र माझा हात अडला. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं, की ताई, तू नसतीस तर मी कुणीच नसते. मला तेव्हा ते लाडाचं वाटलं होतं.

न्यायाधीशांसमोर मान खाली घालू नकोस.

तुझी,
सिग्ने


कोल्टन
२२ जून १९३७

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

काल निकाल लागला.

ऑरिन आला होता, दाढीबिढी करून. मी येणार नाही, घाबरेन, असं त्याला वाटलं असावं. न्यायाधीशांनी माझ्याकडे बोट दाखवून त्याला विचारलं, ही कोण? त्याने मला नखशिखांत पाहिलं. सोळा वर्षांच्या संसारात तसं कधी पाहिलं नव्हतं. आणि शांतपणे म्हणाला, या बिचाऱ्या बाईला मी ओळखत नाही, माझी हुल्डा वारली. त्याच्या आवाजात खोट सापडेना. समोर बसलेल्या गावकऱ्यांनी माना हलवल्या. 

मग न्यायाधीशांनी मला कागद दिला आणि काहीही लिहा म्हणाले. मी आईची प्रार्थना लिहिली. त्यांनी तो कागद माझ्या जुन्या पत्रांजवळ ठेवला, मग तिच्या पत्रांजवळ. लग्नाच्या फोटोत ऑरिनच्या शेजारी मीच उभी आहे, ते टॅगर्टनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. ऑरिनने एकदाही फोटोकडे पाहिलं नाही.

शेवटी न्यायाधीशांनी त्याला विचारलं, पुरली ती बाई कोण होती? खरं नाव सांग. त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा दरडावल्यावर म्हणाला, मला माहीत नाही. चेयेनच्या स्टेशनवर भेटली, मी तिला हुल्डा म्हटलं आणि तिने ओ दिली.



घटस्फोट मिळाला. खोटी शपथ घेतली म्हणून ऑरिनला शेरीफने तिथेच ताब्यात घेतलं. न्यायाधीशांनी मला विचारलं, दगडावरचं नाव खोडायचा हुकूम देऊ का? मी नको म्हटलं. खोडून तिथे लिहायचं काय? आणि त्या माणसाला सोडायचं धाडस हुल्डा वेल्चने केलं ते तिनेच केलं, माझ्या चार वर्षं आधी. ते नाव तिचंच राहू दे. मी बाबांचं आडनाव परत मागितलं आणि निकालात तसं लिहून मिळालं.

रस्त्यात मला बघून लोक अजून पलीकडून जातात. त्यांचा तरी काय दोष!

गुरुवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर गर्दीत मला ओळखशील की नाही कोण जाणे, तेव्हा हाक मार, मोठ्याने. या वेळी ओ मीच देईन.

मुलींना गोड पापा. माया होती तशीच असू दे, एवढंच मागणं.

तुझी,
हुल्डा लिंडक्विस्ट