पायाच्या नावाखाली

मेडशी

प्रिय सपना,

जयभीम. पत्र पाहून दचकू नकोस. हातात फोन असताना बाबांना टपालपेटी कुठून आठवली, असं तुला वाटेल. पण फोन या घरात तुझ्या आईच्या ताब्यात असतो. मी बोलतो तेव्हा ती शेजारी बसून ऐकते आणि मेसेज पाठवला तर तोही आधी तीच वाचते. म्हणून हे पत्र मालेगावला जाऊन टाकतो आहे. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्या कंपनीतले ते ड्रेसिंगचे पॅड पहिल्यांदा आले, तेव्हा माझा काडीचा विश्वास नव्हता. शुगरवाल्याच्या टाचेची जखम, ती रोज उघडून धुवायची सोडून चार-चार दिवस झाकून ठेवायची म्हणे! जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, बिनतिकिटाचा माणूस मी पाठमोरा ओळखायचो. मला वाटलं, पोरगी बापावरच प्रयोग करते आहे. म्हणून एका कोऱ्या पॅडवर पेलाभर पाणी ओतलं आणि उलटा धरला. थेंब गळाला नाही. मग कात्रीनं कापून पाहिला. आत साबुदाण्यासारखे दाणे, पाणी पिऊन टम्म फुगलेले, आणि वास अडवायला काळा कोळशाचा थर. तुझी आई ओरडली, "पोरीनं एवढ्या मायेनं धाडलं अन् तुमी त्याचं पोट फाडून राह्यले!" असो, मी हरलो. कापसाच्या पट्टीसोबत कातडी निघून यायची, ते बंद झालं आणि संक्रांतीपर्यंत जखम भरलीसुद्धा.

हे तुला आज पहिल्यांदा कळतं आहे ना? मी पायाचं बोलायला लागलो की ही फोन काढून घ्यायची, तेच मला खटकलं. जखम भरली तरी तुझे पॅडचे डबे येत राहिले आणि इकडे संपतही राहिले. एकदा मी अंगणात होतो, ही आत तुझ्याशी फोनवर बोलत होती, "तुया बाबाच्या पायातून लय पाणी जाते, मोठेवाले पाठव." माझी टाच तर ठणठणीत कोरडी! पहिला संशय गेला तिच्या भाच्यावर, बबलूवर. त्याचं कामरगावात मेडिकल आहे आणि हल्ली त्याला मावशीची फार आठवण येते. तो निघाला तेव्हा उचलून द्यायच्या निमित्तानं मी त्याची पिशवी चाचपली. आत बोरं होती. मग वाटलं, तुम्ही दोघी मिळून माझ्यापासून काही लपवता आहात, डॉक्टरनं पाय कापायचा सांगितला असेल. त्या आठवड्यात मी फोनवर तुटक बोललो, ते यामुळे.

परवा परसातल्या उकिरड्यात फावडं घातलं आणि कागदात गुंडाळलेले पॅड वर आले. रक्तानं भरलेले. माझ्या जखमेतून पिवळं पाणी यायचं, एवढं रक्त कधीच नाही.

बापानं मुलीला असं लिहावं का, कळत नाही, पण दुसरं कोण लिहिणार? तुझ्या आईची पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आणि आता हे. लुगड्यावर डाग नाही, घरात वास नाही. तुझा पॅड इतका चोख निघाला की मी एका छपराखाली राहून, जगावर संशय घेत फिरलो आणि मला हेच दिसलं नाही. विचारलं तर आधी भांडली, "कायले उकिरडे उकरून राह्यले?" मग खाली बसली. म्हणाली, "वय झालं का होते असं. पोरीले सांगसान त मायी शपथ हाये." धनजच्या तुझ्या मनकर्णामावशीलाही हेच झालं होतं. तिला उशिरा दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. तेव्हापासून तुझ्या आईच्या डोक्यात बसलं आहे की बाईला दवाखानाच खातो. आपल्या गावच्या आशा सेविकेला, निताला, मी ओळखीच्या एका बाईचं म्हणून विचारलं. ती म्हणाली, साधंही असेल, वाईटही असेल, तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण थांबू नका. सपना, मला भीती वाटते. पायाची वाटली नव्हती एवढी.

म्हणून हे पत्र. स्वतःसाठी ती नागपूरला यायची नाही, शपथा घालत बसेल. पण माझ्या पायासाठी उभ्या उभ्या निघेल. तर रविवारी फोन कर आणि तिला सांग, तिनंच मागे पाठवलेला बाबांच्या टाचेचा फोटो डॉक्टरांना दाखवला, लक्षण ठीक नाही, दोघं ताबडतोब या. बाईडॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेव. तिथं पोचल्यावर ती माझा उद्धार करेल, करू दे. फोनवर आवाज नीट ठेव, रडू नकोस, तिला लगेच कळतं. भरलेल्या जखमेच्या आत ठणकतं असं सांगून मी इकडे लंगडायला सुरुवात केली आहे. काल तिनं ते पाहिलं आणि स्वतःची कंबर धरून माझ्या पायासाठी पाणी तापवायला उठली.

तुझाच,
बाबा