रिकाम्या खोलीचा शॉट

२ फेब्रुवारी, रविवार
शकू प्रभादेवीला बहिणीकडे गेली, त्याला आज नऊ दिवस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बायकोला विश्रांती हवीच. ऑपरेशनच्या दिवशी मी दादरला रहस्यपटाच्या वर्कशॉपमध्ये होतो, यावरून तिच्या बहिणीने, अनुजाने, फोनवर बरंच ऐकवलं. वर्कशॉप आधीच बुक केलेलं. मोतीबिंदू कुठे पळून जात होता?

संकल्प: दहा मिनिटांचा रहस्यपट. मोबाइलवर, इथेच गिरगावात, आमच्या दोन खोल्यांत. शेवट फक्त मला ठाऊक. रोज एक तुकडा शकूला पाठवायचा. खुनी कोण हे कळल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आठवड्यात ती घरी. माफी वगैरे मागावी लागणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
पहिला सीन. प्रेत: मागच्या गल्लीतला ॲलॉयशियस. तिसऱ्या टेकला खरंच घोरला. प्रेताचा चेहरा लगेच दाखवू नये असं वर्कशॉपच्या सरांनी सांगितलंय, म्हणून फक्त पाय घेतले. मोजे काढायला सांगायचं राहिलं. क्लिप पाठवली. ब्लू टिक नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
आज चकवा. दारामागच्या छत्रीवर दहा सेकंद कॅमेरा. ॲलॉयशियसने विचारलं, छत्रीचं पुढे काय? म्हटलं, काहीच नाही, तोच तर चकवा. तो म्हणाला, देवदत्त, पिक्चर राहू दे, तिला जाऊन भेट. प्रेताने दिग्दर्शकाला सल्ले देऊ नयेत.

जेवण: डाळभात. कालही तेच होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पाच क्लिपा गेल्या. उत्तर नाही. सस्पेन्स चढतोय.

संध्याकाळी अनुजाचा फोन. डॉक्टरांनी शकूला मोबाइल बघू नका म्हणून सांगितलंय, दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागतात, तुम्हाला काहीच माहीत नाही का, असं म्हणाली. माहीत होतं. म्हणजे असणारच.

मग म्हणाली, शकूताई रविवारी अकराला येईल, एकटीच, बोलायला. तेव्हा घरी असा. परत परत नाही यायची ती.

बघा, आलीच की नाही? सस्पेन्सचा विजय. शेवटचा सीन तिच्यासमोरच शूट करीन.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
दहाला खिडकीतून सुरेख ऊन आलं. रिकाम्या खोलीचा शॉट बाकी होता. कॅमेरा स्थिर, कोणी नाही, प्रेक्षक आपोआप पुरावा शोधू लागतो. मोबाइल सायलेंट करून फळीवर लावला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि फ्रेममध्ये येऊ नये म्हणून ॲलॉयशियसकडे जाऊन बसलो. अकराला त्याची बायको ॲन्टोनेट म्हणाली, घरी जा आता. पण असं ऊन पुन्हा मिळालं नसतं. शिवाय शकू वेळेवर येणाऱ्यातली नाही.

पावणेबाराला परतलो. खोली रिकामी. मोबाइलवर शकूचा एक मिस्ड कॉल, अकरा पाचचा. येत नाही हे कळवायला असणार. उलट फोन केला, उचलला नाही. टेबलावर लॅचची किल्ली होती. ॲलॉयशियसने कधी प्रॉप म्हणून आणलेली असेल. सामानाच्या खोक्यात टाकली.

१० फेब्रुवारी, सोमवार
कालचं रेकॉर्डिंग पाहिलं.

अकराला पाच कमी असताना दार उघडतं. शकू. काळा चष्मा, निळी साडी. अहो, अशी हाक मारते. स्वयंपाकघरात डोकावून येते. दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसते. दहा मिनिटांनी फोन लावते. फळीवर माझाच मोबाइल थरथरतो, चित्र हलतं. ती वर बघते, थेट लेन्समध्ये. चष्म्यामुळे चेहरा कळत नाही. फोन बंद करून आणखी नऊ मिनिटं बसते. मग उठते, चार साड्या आणि मसाल्याची बरणी पिशवीत भरते, किल्ली टेबलावर ठेवते. दार हळूच ओढून घेते.

तीनदा पाहिलं. काहीच वाटलं नाही. त्याचीच भीती वाटते.

शॉट स्थिर आहे. उजेड चांगला आहे. कुठे कापायचा ते कळत नाही.