विंगेतली खुर्ची

बाबा, माझ्या नव्या चष्म्याचं काही खरं नाही. वर बघितलं की माणसं दिसतात, खाली बघितलं की अक्षरं दिसतात, आणि मधे एक पट्टा आहे तिथे काहीच धड दिसत नाही. दुकानदार म्हणाला होता, "आदत हो जाएगी, अंकल." आठ महिने झाले. आदत झाली नाही, मान मात्र दुखायला लागली. जिना उतरताना पायरी नेमकी त्या पट्ट्यात येते आणि मी कठड्याला धरून नव्या नवरीसारखा एकेक पाऊल टाकतो. तुम्ही एका चष्म्यावर वीस वर्षं काढलीत, तोही एका कानाला दोऱ्याने बांधलेला, हे आठवलं की तक्रार करायची लाज वाटते. पण तक्रार सोडवत नाही. कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. अवधपुरीच्या फ्लॅटमध्ये बसून माणसाने करायचं तरी काय? सकाळी कुंड्यांना पाणी घालून होतं, खालच्या मजल्यावरच्यांचं "पानी टपक रहा है" म्हणून ओरडून होतं, आणि दहा वाजता माझा दिवसभराचा कार्यक्रम संपतो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तुमचा उद्योग हातात घेतला. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाला विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. तुम्हाला हे कळलं असतं तर काय म्हणाला असतात, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक काहीच म्हणाला नसतात. तुमच्या वेळी शिवाजी नगरच्या क्वार्टरांमधली माणसं होती, राजधानी इकडे हिंदी मुलखात हलली तेव्हा नागपूरहून कचेऱ्यांबरोबर फायलींसारखी बांधून आणलेली, मराठी शाबूत असलेली. आता तालमीला येणारी पोरं संवाद फोनवर वाचतात आणि त्यातल्या निम्म्यांनी ते रोमन अक्षरांत लिहून घेतलेले असतात. एकाने मला विचारलं, "काका, ये 'ळ' कैसे बोलते हैं?" मी त्याला तीन दिवस फळा, शाळा, डोळा म्हणायला लावलं. आता मला बघितलं की तो दुसऱ्या दाराने जातो. त्यात घडीची लोखंडी खुर्ची, पायाशी डासांची पंगत, आणि अंक संपेपर्यंत खोकायचीसुद्धा सोय नाही. बायको म्हणते, "घरी टीव्ही बघताना दर दहा मिनिटांनी उठता, तिथे कसे हो बसता?" तिला काय सांगणार. ती तुमची खुर्ची आहे, हे मी तिला कधी बोललो नाही.

तुमची तयारी मला अजून दिसते. दुपारी चारनंतर तुम्ही चहा बंद करता, कारण एकदा बसलं की उठता येत नाही. सदऱ्याच्या खिशात चार लवंगा. दोन सेलची टॉर्च, तिच्या तोंडावर आईच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा रबराने बांधलेला, म्हणजे उजेड वहीवर पडतो आणि प्रेक्षकांना दिसत नाही. सचिवालयात तुम्ही साधे कारकून. एकदा डबा द्यायला आलो होतो, तेव्हा साहेबाच्या टेबलासमोर तुम्हाला उभं असलेलं मला बघवलं नव्हतं, इतके तुमचे खांदे पडलेले होते. पण विंगेतल्या त्या खुर्चीत ताठ बसायचात. वर्षातून एकदा, तीन तास, सगळी माणसं तुमच्यावर विसंबून असायची. तुम्ही सांगायचात, "आपण पहिला शब्द द्यायचा. वाक्य नटाचं असतं." आणखी एक सांगायचात, "विसरलेला माणूस विंगेकडे बघतो, थांबलेला माणूस समोरच्याकडे बघतो. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने वही हातात घेऊ नये."

मी बावीस वर्षांचा होतो आणि मला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं, बऱ्याच वर्षांनी घरी आलेल्या धाकट्या मुलाचं. तालमीत वाक्य आठवेना की माझी मान आपोआप तुमच्याकडे वळायची. एके संध्याकाळी तुम्ही सगळ्यांसमोर वही मिटलीत आणि म्हणालात, "इकडे काय तुझी आई उभी आहे? इकडे बघायचं नाही. नाहीतर काम सोड." पोरी हसल्या. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा, अजूनही फार खाली उतरलेला नाही. मी मनाशी ठरवलं, आता जीव गेला तरी त्या विंगेकडे बघणार नाही. घरी आल्यावर तुमच्याशी चार दिवस बोललो नाही. तुम्ही मात्र रोज जेवताना माझ्या ताटाजवळ तालमीची वही ठेवायचात, उघडून, माझ्या पानावर.

प्रयोगात दीड पानाची स्वगतं मी बिनचूक म्हटली. आणि अडकलो कुठे, तर तीन शब्दांवर. आईचं काम करणाऱ्या आपल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "परत जाणार आहेस?" मी म्हणायचं होतं, "जाईन. आज नाही." एवढंच. माझ्या डोक्यातून ते असं गेलं, जसं कधी तिथे नव्हतंच. मी काकूंच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. विंगेकडे बघायचं नाही म्हणजे नाही. सभागृहात कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी मूल रडलं, आणि तुमच्याकडून काहीच येईना. शेवटी काकूंनाच माझी दया आली आणि त्या म्हणाल्या, "बरं, आधी जेवून घे." सगळं सभागृह फुटलं. नाटकातला सगळ्यात दुःखी प्रसंग होता तो. पुढे कित्येक वर्षं शिवाजी नगरमधून सायकलवर जाताना कुणी ना कुणी गच्चीवरून ओरडायचं, "काय रे, जेवलास का?" आज हे लिहिताना मला थोडं हसू येतं. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पडदा पडल्यावर मंडळाचे सेक्रेटरी धावत आत आले. "काय झालं रे?" मी मेकअप पुसत होतो. मान वर न करता म्हणालो, "बाबांना डुलकी लागली." उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी जाताना रस्त्यात तुम्ही मला एकच वाक्य म्हणालात, "मला वाटलं, तू थांबला आहेस." मला ती पळवाट वाटली. मी सायकल पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी घरी आले. आई पोहे करत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, वय होतं माणसाचं. काल तुम्हाला जरा डोळा लागला म्हणे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. कढईत मोहरी तडतडली तेवढाच वेळ. मग त्यांना म्हणालात, "लागला असेल." आई दाराशी आली, तिने तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत आत गेली. त्या दिवशीचे पोहे खारट झाले होते, तरी सगळ्यांनी ते संपवले. आणि तुमचं वय काय, तर एकावन्न. आता मी त्याहून दहाने मोठा आहे.

पुढच्या वर्षी वही दुसऱ्याकडे गेली आणि तुम्हाला पाहुण्यांच्या स्वागताला ठेवलं. दाराशी उभं राहायचं आणि येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. तुम्ही ते सतरा वर्षं केलंत. नाटक सुरू झालं की तुम्ही आत यायचात आणि सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभे राहायचात. नट अडखळला की तुमचे ओठ हलायचे. मी बघायचो आणि बघितलं नाही असं करायचो. मी परत कधी तोंडाला रंग लावला नाही, आणि का लावत नाही असं कुणी विचारलं की "बाबांमुळे" असं म्हणायचीही सोय करून ठेवली होती. कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही ती टॉर्च माझ्या पिशवीत घातलीत. म्हणालात, "तुझ्या रूमवर लाइट जाते." लाल तुकडा तुम्ही काढून टाकला होता. रबराचा वळ मात्र तिच्या गळ्यावर अजून आहे.

आता यंदाचं सांगतो, कारण त्यासाठीच बसलोय. आमच्या तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नायिकेचं काम करत होती. बँकेत नोकरी, मराठी अर्धं हिंदी, पण पोरगी मन लावून करणारी. दुसऱ्या अंकात नवरा तिला विचारतो आणि तिने उत्तर द्यायचं असतं. ती बोलेना. मी मान वर केली, चष्मा त्या दिवशी नेमका बरोबर बसला होता, आणि मला तिचा चेहरा दिसला. ती विंगेकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, हनुवटी जराशी थरथरत होती. मी मनात म्हटलं, काय थांबली आहे ही पोर. मी वही मांडीवर पालथी घातली, फोनचा दिवा विझवला आणि नुसता बघत राहिलो. मग नवरा झालेला मुलगा घाबरून तीन वाक्यं पुढे गेला, आणि मला कळलं की ती विसरली होती.

अंक संपल्यावर ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती, त्याचंच वाईट वाटलं. "काका, मैं तो पूरी ब्लँक हो गई थी. तुम्ही दिलं का नाही?" मी म्हणालो, "मला वाटलं, तू थांबली आहेस." बाबा, ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मी खुर्चीचा दांडा धरला. तेवढ्यात हल्लीचा सेक्रेटरी आला आणि हसत म्हणाला, "क्या काका, झपकी लग गई क्या?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नाही नाही, मीच विसरले. काका तो जाग रहे थे, मला बघत होते." इतकं सोपं होतं ते. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने नाकाला पावडर लावता लावता सांगून टाकलं आणि दुसऱ्या साडीच्या निऱ्या करायला निघून गेली.

मी तिसरा अंक कसा पार पाडला ते मला माहीत नाही. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. बायकोला वाटतं, नाटक नीट झालं नाही म्हणून मी खट्टू आहे. तिने चष्म्याच्या दुकानात परत जाऊन भांडायचं ठरवलं आहे. मी तिला जाऊ देणार आहे, दुकानदाराचाही थोडा दोष आहेच. हे सगळं मी यंदाच्या नाटकाच्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलं आहे. वही रविवारी मंडळात परत द्यायची आहे. त्याआधी ही पानं फाडून त्या टॉर्चजवळ ठेवून देईन.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुम्हाला डुलकी लागली असंच मला खरंच वाटलं होतं, अंधार होता, तुमची मान खाली होती, तरण्या पोराची गफलत झाली. तसं नव्हतं. काकू "जेवून घे" म्हणाल्या त्याच्या क्षणभरच आधी माझा हट्ट मोडला होता आणि मी विंगेकडे बघितलं होतं. टॉर्च विझलेली होती. वही तुमच्या मांडीवर पालथी होती. तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेला येऊन माझ्याकडे बघत होतात, आणि तुमचे डोळे भरलेले मला दिसले होते.