बायनाबाईचं कडवं

बल्लारपूर
२७ एप्रिल १९८६

चि. सौ. रुखमा हिस,
खुशालभाऊचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे तुझी वहिनी आणि पोरं मजेत आहेत. माझं मात्र डोकं फिरलेलं आहे. घरात कोणावर काढलं तर जेवायला मिळणार नाही, म्हणून तुझ्यावर काढतो.

शाहीर लटारू उंदिरवाड्यांची नवी कॅसेट आली. रविवारी चांद्याला जाऊन घेऊन आलो, शेजारच्यांचा टेप मागितला, पोरांना गप्प बसवलं. दुसऱ्या बाजूला पहिलंच आपलं इहाराचं, आपल्या गावच्या विहिरीचं गाणं. तीन कडवी झाली, मी टेपला कान लावला, आणि चौथ्याच्या जागी नुसती बासरी! आपल्या गाण्यात बासरी कुठून आली गं? पेटी, ढोलकी, खंजिरी, एवढ्यावर ज्या माणसानं अख्खा जिल्हा रडवला, त्याला आता बासरी लागते. आणि त्या बासरीखाली आपल्या आईचं कडवं गाडलं.

सात वर्षांपूर्वी आपल्या गावच्या जयंतीत त्यांनी ते उभ्या उभ्या रचलं. गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, हा सगळ्या गायन पार्ट्यांचा रिवाज. लटारूभाऊंनी त्या दिवशी तो मोडला आणि स्वतःचं नाव काढून आपल्या आईचं, बायनाबाईचं घातलं. मांडव डोक्यावर घेतला होता लोकांनी. आणि ज्या एका बाईनं ते ऐकलं नाही ती बायनाबाईच. ती मागे चुलीवर पार्टीचा भात शिजवत होती. कॅसेटवर तरी तिला ऐकवीन असं मनात धरून बसलो होतो.

परवा राजुऱ्याच्या कार्यक्रमालाही गेलो. फर्माईशीची चिठ्ठी दोनदा पाठवली. पुढे बसलेल्या पोरांना सिनेमाच्या चालीच हव्या होत्या. लटारूभाऊंनी त्यांना चार गाणी त्याच चालीवर दिली आणि हात जोडले. माझी चिठ्ठी पेटीवाल्यानं पेटीखाली सरकवलेली मी डोळ्यांनी पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

गुणवंतरावांना जयभीम. रागावलेल्या भावावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
खुशाल

*

एटापल्ली
१९ मे १९८६

ती. खुशालभाऊस,
रुखमाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. किती मोठ्यानं, तर शेजारची सुकरी काय भांडण झालं म्हणून पाहायला आली. तेच तुम्हाला लिहायचं आहे. आईचे कान जात आहेत. गडचिरोलीला डॉक्टरांना दाखवलं. डावा गेल्यातच जमा आहे, उजवाही हळूहळू जाईल म्हणाले. यांच्या शाळेची घंटा तिला ऐकू येत नाही, आणि शाळा अंगणाला लागून आहे.

मी तिला विचारलं की तुला काय ऐकायचं ते सांग, आम्ही ऐकवू. तर म्हणे, मले काई नाई पायजे, फक्त त्या लटारूच्या तोंडून माहं नाव एक डाव आयकाव वाटते. ती असं काही मागणारी बाई नाही, तुम्ही जाणताच. मला पदर तोंडाला लावून आत जावं लागलं.

शब्द तिला पाठ आहेत. भाताच्या रोवणीत बाया तिला चिडवायला म्हणून तेच कडवं म्हणायच्या. काल भाजी निवडताना ती स्वतःशी गुणगुणत होती, तसंच उतरून घेतलं. तुमच्या आठवणीत वेगळं असेल तर कळवा.

मिटिंगीत मानसं भांडली भांडली, घोंगडी झाडून हटली,
पायाची गोष्ट कागदावर लिहून तिथंच मिटली;
गोटा डोईवर घेऊन बाई नाल्याकडून सुटली,
इहाराची भिंत, दादा, बायनाच्या डोईवर उठली.

खरंच दोन वर्षं नुसत्या सभा चालल्या होत्या. आई कोणाला न विचारता नाल्यातून गोटे आणू लागली, मागून साऱ्या बाया गेल्या, तेव्हा कुठे पुरुषांना कुदळी सापडल्या. एवढं सारं लटारूभाऊंनी चार ओळींत बसवलं. म्हणून मला ते आवडतात. सिनेमाच्या चालीवर गातात म्हणून तुम्ही फणफणता, मला त्याचं काही वाटत नाही. चाल उसनी असली तरी शब्द स्वतःचे आहेत ना? तुम्ही पहिल्यापासून त्यांच्या पहाडी आवाजावर भुललात, मी शब्दांवर.

पण भाऊ, भांडण नंतर. कान थांबणार नाहीत. काहीतरी करा.

वहिनींना जयभीम, पोरांचे पापे. माझ्यावर डोळे वटारा, पण माया ठेवा.

तुमची,
रुखमा

*

बल्लारपूर
९ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. रुखमा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कडवं बरोबर आहे, अक्षर न अक्षर. बाकी सगळं चुकत चाललं आहे.

सिंदेवाहीचा कार्यक्रम होता. कागद कारखान्यातली पाळी बदलून घेतली, शेजारच्यांचा टेप पिशवीत घालून गेलो. लटारूभाऊंचा घसा बसलेला. गळ्याला मफलर गुंडाळून ते खुर्चीवर बसले आणि त्यांचा एक चेला गायला. चेल्याचा आवाज टिपेला गेला की माइक किंचाळायचा आणि माइक गप्प बसला की चेला. दिवाळीनंतर ब्रह्मपुरीला गेलो, तर तिथे मंडळात दोन तट पडून कार्यक्रमच मोडलेला. मांडवाचे खांब काढणाऱ्या माणसानं मला चहा पाजला. माझं तोंडच तसं झालं असावं.

सिंदेवाहीला एक मात्र झालं. पेटीवाले श्रीहरी रिकामे सापडले. त्यांना सारी हकिकत सांगितली. ते म्हणाले, तुम्ही कितीही चिठ्ठ्या पाठवा, उपयोग नाई. लटारू जागेवर रचलेलं कडवं दुसऱ्यांदा गात नाई. त्याच्या मते ते शिळं अन्न आहे, आणि त्याले आठवतही नाई. छापलेली गाणी तेवढी पाठ, बाकीचं वाऱ्यावर. रुखमा, मी ज्यांना डोक्यावर घेऊन वीस गावं नाचलो, त्यांना आपलं सर्वांत चांगलं कडवं आठवतच नाही!

पण मीही हार मानणारा नाही. एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डात जयंतीचा मुकाबला आहे, लटारूभाऊ आणि आर्वीच्या गुणाबाई समोरासमोर. मुकाबल्यात एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकला की दुसरीला जवाब देणं भाग आहे, टाळता येत नाही. गुणाबाईंना आधीच भेटून सवाल ठरवून टाकतो, की इहाराची भिंत कोणाच्या डोईवर उठली? या सवालाला जवाब एकच. न आठवून जातात कुठे! तू आईला पाठव.

गुणवंतरावांना सांग, येताना एसटीत आईला खिडकीजवळची जागा द्या. उत्तर पाठव, निदान शिव्या तरी.

तुझा,
खुशाल

*

एटापल्ली
२२ मार्च १९८७

ती. खुशालभाऊस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

लटारूभाऊंना इकडेच आणावं म्हणून मीही धडपडले. यांनी चार शिक्षक गोळा केले. पण लाउडस्पीकरची परवानगी मिळेना. इकडे जंगलात चार माणसं जमली तरी साहेबलोक दचकतात. तीन वेळा अर्ज केला. शेवटी एका साहेबानं यांना विचारलं की शाहीर विनालाउडस्पीकर का नाही गात? मी असते तर त्यांना सांगितलं असतं की माझी आई विनालाउडस्पीकर ऐकत नाही म्हणून.

आता उजव्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडलं तरच तिला समजतं. हे तिला घेऊन आलापल्लीवरून येतील. तुमचा सवालजवाबाचा बेत मात्र मला पटलेला नाही. सरळ जाऊन सांगा ना त्यांना की आमच्या आईची अशी इच्छा आहे. तुमचं नेहमीचं आहे, दार उघडं असलं तरी तुम्ही खिडकीतून जाणार.

मला येता येत नाही. धाकट्याला गोवर आहे. इतकी वर्षं त्यांची गाणी पाठ केली आणि प्रत्यक्ष ऐकायची वेळ आली की काहीतरी आडवं येतं. एकेक गोष्ट लिहून कळवा, नाहीतर मी बोलणार नाही.

तुमची चिडलेली, पण तुमचीच,
रुखमा

*

बल्लारपूर
२१ एप्रिल १९८७

चि. सौ. रुखमा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आई ठीक आहे. आधी हेच लिहितो, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की खुशालभाऊला वेड लागलं.

आईला पुढेच बसवलं, स्पीकरच्या कर्ण्याखाली, उजवा कान तिकडे करून. गुणाबाईंनी शब्द पाळला. सवाल असा टाकला की अख्खा मांडव पुढे सरकून बसला. लटारूभाऊ उठले, पागोटं सारखं केलं, डोळे मिटले. मी आईचा हात धरला. आणि त्यांनी नवंच कडवं काढलं! बांबू तोडणाऱ्या बायांवर. हातांना पडलेले चरे, खांद्यावरचा भारा, आणि त्या बांबूच्या कागदावर त्यांचंच नाव नाही, असं. अर्धा वॉर्ड कारखान्यात बांबू उतरवणारा, लोक उभे राहिले. टाळ्या मीपण वाजवल्या, मग कपाळावर हात मारला. आईनं मला विचारलं की माहं नाव आलं काय? मी मान हलवली, नाही म्हणून. ती नुसती बरं म्हणाली. तेवढं बोलून तिनं पदर सारखा केला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तुझं ऐकायला हवं होतं हे मान्य. चहाच्या वेळी तिला घेऊन मी मांडवामागे गेलो. लटारूभाऊ बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच पुढे झाली. तिला आपला आवाज किती मोठा निघतो ते आता कळत नाही. तिनं सगळं कडवं त्यांच्यासमोर म्हणून टाकलं, सुरात, चार ओळी. ढोलकीवाला चैतू विडी पेटवायची विसरला.

लटारूभाऊंनी बशी खाली ठेवली. पुन्हा म्हणा म्हणाले. पुन्हा म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले होते, रुखमा. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मग ते हात जोडून म्हणाले, बाई, शेवटच्या ओळीत बायना हाय, म्हंजे बायना तुम्हीच ना? तुम्हीच रचलं काय हे? तीस वर्स झाली, मले असं एक कडवं नाई जमलं.

मी सांगणारच होतो. अहो, हे तुमचंच आहे, एवढे चार शब्द ओठांवर होते. आईनं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की अजून वळ आहे. आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाली, हो, माहंच आहे.

दुसऱ्या भागात त्यांनी पहिलंच गाणं ते धरलं. आधी सांगितलं की आज मी माहं गात नाई, बायनाबाईचं गातो. रचलेलं दुसऱ्यांदा न गाणारा माणूस, पण परक्याचं समजून तीनदा गायला. आई कर्ण्याच्या खांबाला टेकून बसली होती. नाव आलं तेव्हा तिची मान हलली, तिन्ही वेळा. ऐकलं तिनं. ज्यासाठी एवढं केलं ते झालं.

पण माझं पुढे काय? मंडळानं तिला हार घातला, कवयित्री म्हणून. लटारूभाऊ पुढच्या कॅसेटवर ते कडवं घेणार आहेत, खाली रचना बायनाबाई असं छापून. जे कडवं त्यांनीच गाळलं! लोक मला थांबवून विचारतात की तुमच्या आईची आणखी गाणी आहेत का. मी ज्या माणसाची बाजू घेऊन आयुष्यभर भांडलो त्याचीच चीज माझ्या घरात आली, आणि मी हूं की चूं करू शकत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. घरी येऊन आईला विचारलं तर म्हणते, मले आयकू येत नाई. बाकी सगळं बरोबर ऐकू येतं.

ती शुक्रवारी निघेल. तिला शांतपणे विचार की असं काऊन केलं. तुला सांगेल.

वळ बरा होईतो तरी आठवण ठेव.

तुझा,
खुशाल

*

एटापल्ली
३ मे १९८७

ती. खुशालभाऊस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आई पोचली. धाकटा बरा आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हसले, मग तुमच्यासारखीच चिडले. लटारूभाऊंचे शब्द म्हणजे माझा जीव, ते दुसऱ्याच्या नावावर गेलेले मला कसे चालतील, मग ती आई का असेना?

काल तिला परसात गाठलं आणि उजव्या कानात ओरडून विचारलं की तू खोटं काऊन बोललीस, ते कडवं त्यांचं आहे ना. या खेपेस तिला पहिल्याच हाकेला ऐकू आलं. हातातलं सूप खाली न ठेवता ती जे बोलली तेच लिहिते, माझं एक अक्षर नाही. म्हणाली, त्यानं रचलं अन् तिथंच टाकून देल्लं. म्या आठ वर्स पोसलं. मंग कोनाचं होय ते?

याचं उत्तर मी तुमच्यावर ढकलते, भाऊ. तुम्हाला आलं तर कळवा, आणि नाही आलं तरी पत्र पाठवा.

तुमची,
रुखमा