पेनांच्या पेटीचा भाव

महाळुंगे पडवळ,
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

प्रिय धम्मपाल,

सोपानचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तिकडे फुलाबाई काकू, यशोधरा वहिनी आणि तू बरे असाल. अडीच वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तू आधी पाकिटामागचं नाव वाचशील आणि मग ते फोडायचं की नाही याचा विचार करशील. फोडलंस, उपकार झाले.

काम असं आहे की मला पेनं ठेवायला काचेची पेटी हवी आहे. परवडेल अशी. या एका पेटीने चार महिने माझं डोकं उठवलंय.

माझं पेनांचं वेड तुला माहीत आहे. आता ती शहाऐंशी झालीत, आणि राहतात कुठे, तर चकल्यांच्या डब्यात. एकमेकांवर आपटून जुन्या एबोनाइटच्या दोन पेनांची टोपणं तडकली. त्यात अश्विनीने निर्वाणीचं सांगितलंय, "दिवाळीच्या आत माजा डबा मोकळा झाला पायजे. न्हाईतर पेनं तळून काढीन." ती काढेलही.

जुन्नरला गेलो. फर्निचरवाल्याने सागवानी शोकेस दाखवलं. भाव ऐकून मी कमी करा म्हटलं, तर म्हणतो, "गुरुजी, ह्यात टीव्ही बी बसतो." मला टीव्ही ठेवायचा नाही हे त्या माणसाच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. एका चष्मेवाल्याकडे जुनं फिरतं स्टँड स्वस्तात मिळत होतं, पण फिरवलं की पेनं धडाधड खाली. सोनाराकडचा अंगठ्यांचा मखमली ट्रे पाहिला. त्यात पेन उदबत्तीच्या घरात खोचल्यासारखं उभं राहतं. मेहुण्याने पुण्याहून तयार पेटी आणली, ती दहा पेनांची. अशा नऊ घ्यायच्या तर मला एक शेळी विकावी लागेल, आणि माझ्याकडे शेळी नाही.

शेवटी गावातल्या सुताराला प्लायवूडची करायला सांगितली. नमुन्याला पेन दिलं नाही ही माझी चूक. त्याने कानावरच्या पेन्सिलीच्या मापाने खाचा पाडल्या. शहाऐंशी खाचा! एकीतही पेन बसेना. वर मलाच म्हणतो, "पेनंच लई जाड हायेत तुमची." आता त्या पेटीत अश्विनी लसूण ठेवते.

म्हणून गेल्या रविवारी मंचरला एका अॅल्युमिनियमवाल्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घराच्या खिडक्या कोणी केल्यात?"

"आळेफाट्याच्या धम्मपालनं."

"मग त्याच्याकडंच जावा की, राव. उरल्यासुरल्या मालात करून देईल. माज्याकडं दुप्पट पडंल. का, काय बिनसलंय का?"

मी "तसं काही नाही" म्हणालो आणि एसटी पकडली. घरी येऊन तुझ्याच खिडकीशी बसलो. तीन पावसाळे झाले, पाण्याचा थेंब आत आलेला नाही.

तर तू करशील का? तीन फूट बाय दोन, वर उतरती काच, कुलूप. काय भाव पडेल ते कळव.

वास्तुशांतीच्या दिवशी लाइट गेली आणि नेमकं तुझं नाव पुकारायचं राहिलं, हे मी तेव्हाच निरोपाने कळवलं होतं. टॉवेल-टोपी दुसऱ्या दिवशी दुकानावर पाठवली होती. त्या टॉवेलने तू काचा पुसतोस असं कानावर आलं आणि मला राग आला. लाइट जाण्यासारखी साधी गोष्ट माणसाने इतकी मनाला लावून घ्यावी का, असं मी चारचौघांत बोलत आलो.

इथवर लिहून मी चहा प्यायला उठलो होतो. खरं तर इथेच सही करून पाकीट चिकटवायचं होतं. ते जमलं नाही.

लाइट गेली नव्हती, धम्मा. माइक माझ्या हातात होता. यादी माझ्या अक्षरातली होती. गवंडी, सुतार, प्लंबर, रंगारी, आणि खिडक्यांचे कारागीर धम्मपाल. घरातले थोरले म्हणून भिमाजी तात्या, माझे चुलते, एकेकाला गंध लावून डोक्यावर टोपी ठेवत होते. रंगाऱ्याचं झालं तसे ते माझ्या कानाशी आले. म्हणाले, "त्येचं ऱ्हाऊ दे. बाहेरच्या बाहेर दे." आणि मी माइकवर म्हणालो, "मंडळी, जेवायला बसून घ्या."

तुझा मान, आणि मी पंगत बसवली. मुलांना समतेचे धडे शिकवून पगार घेणारा मी, तात्यांना सगळ्यांदेखत नाही म्हणायला घाबरलो. त्यांच्याहून मी वाईट, कारण त्यांनी निदान खोटं कारण तरी सांगितलं नाही. दहावीपर्यंत आपण एका बाकावर बसलो होतो रे. मला फार लाज वाटते.

पेटी केलीस तर कर, नको वाटलं तर राहू दे. उत्तर मात्र दे.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
सोपान


आळेफाटा,
सोमवार, २० ऑक्टोबर २००३

सोपान,

जय भीम. पत्र मिळालं त्याच दिवशी वाचलं. उत्तराला वेळ लागला.

पेटी होईल. तीन बाय दोन कशाला? दोन ओळींत तीन बाय सव्वा फुटात सगळी बसतात. काच कमी, भाव कमी. मास्तर असून हिशोब कच्चा तो कच्चाच. आत मखमल नको, ओल धरते. फोमच्या पट्टीला जाड पेनाच्या मापाने खाचा पाडतो. सातशे रुपये. हा मित्राचा भाव नाही, गिऱ्हाइकाचा आहे.

टॉवेलने काचा पुसल्या हे खरं. टॉवेल चांगला होता.

लाइट गेली नव्हती हे मला नव्याने कळलेलं नाही. मी मांडवातच होतो, मागे, खुर्च्यांच्या चळतीजवळ. तुला दिसलो नसेन. आई माझ्याबरोबर होती. ती अशा कार्यक्रमांना जात नाही. नाव पुकारणार आहे असं तू मला आठ दिवस आधी सांगितलं होतंस, म्हणून मीच तिला आग्रह करून आणलं. लाउडस्पीकरवर लेकाचं नाव ऐकायचं म्हणून ती नवं लुगडं नेसली होती. गवंड्याचं नाव झालं, सुताराचं झालं, तशी ती पुढे सरकत गेली. मग लोक जेवायला उठले. तिने विचारलं, "तुजं कवा घेत्यात रं?"

मी काय सांगणार होतो? म्हटलं, "माझं पहिलंच घेतलं, आई. आपण यायच्या आधी. आपल्यालाच उशीर झाला."

तिने ते खरं मानलं. अजून मानते. कोणी पाहुणं आलं की सांगते, "माज्या निऱ्याच बसंनात त्या दिवशी, त्याच्यात यष्टी चुकली. न्हाईतर लेकाचं नाव म्या या कानांनी ऐकलं असतं." अडीच वर्षं ती स्वतःलाच बोल लावतेय, आणि मी शेजारी बसून ऐकतोय. तुझ्या तात्यांचा मला जेवढा राग नाही, तेवढा या गोष्टीचा आहे. तुझाही आहे. पत्र वाचून तो गेलेला नाही.

पेटी शुक्रवारी तयार होईल. न्यायला तू स्वतः ये, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. दुकानावर थांबू नकोस, घरी ये. आई दुपारी घरीच असते. तिला उशीर झाला नव्हता, एवढं तिच्यासमोर बसून सांग.

फुलाबाईंचा मुलगा,
धम्मपाल